शिकाऱ्याच्या अंगालगतचा कपडा

११ नोव्हेंबर १९४०. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात ती सकाळ नोव्हेंबरला न शोभेल इतकी उबदार होती. सुट्टीचा दिवस, त्यामुळे मिसिसिपी नदीतल्या बेटांवर बदकांच्या शिकारीला झुंबड उडाली. बऱ्याच जणांच्या अंगावर साधी जाकिटं होती. दिवस कलायच्या आत वारा फिरला, आधी पाऊस आणि मागोमाग बर्फाचं वादळ आलं. लाटांनी चिंब भिजलेले लोक बेटांवरच अडकले. वादळाचा जोर ओसरल्यावर विनोना गावचा वैमानिक मॅक्स कॉनरॅड एका चिमुकल्या विमानातून नदीवर घिरट्या घालत त्यांच्यासाठी खाणं आणि काड्यापेट्या खाली टाकत होता. या वादळाने सुमारे दीडशे जीव घेतले. त्यांत बदकांचे शिकारी पुष्कळ होते.

ते पावसापाण्याने भिजले होते. एरवी मात्र शिकाऱ्याला ओला करायला त्याचा स्वतःचा घाम पुरतो. पाणी उष्णता हवेच्या पंचवीसेक पट वेगाने वाहून नेतं. स्कीवर घसरणारा माणूस सतत हालत असतो, त्यामुळे त्याचं निभावतं. शिकारी पहाटे पाठीवर ओझं घेऊन चढण चढतो, घामाघूम होतो आणि मग मचाणावर चार-चार तास पुतळ्यासारखा बसतो. चढताना भिजलेला सदरा बसल्यावर पाठीला थंडगार पट्टीसारखा चिकटतो. थंडीतल्या शिकारीसाठी आतला थर निवडायचा म्हणजे खरा प्रश्न या घामाचा आहे, आणि तो फार जुना आहे.

उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांतल्या शिकाऱ्यांनी तो कापडाशिवाय सोडवला होता. कॅरिबूच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरच्या, कातड्याचे दोन थर, आतल्याची केसाळ बाजू अंगाकडे आणि बाहेरच्याची बाहेर. कॅरिबूचे केस आतून पोकळ असल्यामुळे हवा धरून ठेवतात. शिवण ढगळ असे. चालताना गरम झालं की टोपी मागे टाकायची, गळ्याशी वाफ मोकळी करायची, घाम येऊच द्यायचा नाही. सील श्वास घ्यायला वर येतो त्या बर्फातल्या छिद्रापाशी हा शिकारी तासन्‌तास उभा राही, तोही पायाखाली कातड्याचा तुकडा ठेवून. घरात शिरण्याआधी कपड्यांवरचा बर्फ काठीने झटकला जाई, नाहीतर तो आत वितळून कातडं ओलं व्हायचं. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक रोआल्ड आमुंडसेन १९०३ ते १९०५ या काळात नेत्सिलिक इन्युइटांजवळ राहून हे शिकला आणि पुढे दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत त्याने कातड्याचे कपडे वापरले.

युरोपात लोकर अंगाला लागली ती काहीशा चमत्कारिक वाटेने. १८८० च्या सुमारास श्टुटगार्टचे प्राणिशास्त्रज्ञ गुस्ताव येगर सांगू लागले की सुती-तागाचे कपडे शरीरातली विषारी वाफ कोंडतात, म्हणून अंगाला फक्त लोकर हवी. कारण साफ चुकीचं, सल्ला मात्र थंडीपुरता अचूक! १८८४ मध्ये लंडनमध्ये त्यांच्या नावाने दुकान निघालं आणि जॉर्ज बर्नार्ड शॉसारखा लेखक लोकरी सूट घालून मिरवू लागला. जर्मनमध्ये ‘येगर’ म्हणजे शिकारी, हा निव्वळ योगायोग. अमेरिकेत १८६८ मध्ये पेटंट झालेला ‘युनियन सूट’, म्हणजे वरखाली एकसंध असा आतला कपडा, मूळचा स्त्रियांच्या वेशसुधारणेसाठी होता. तो पुढे पुरुषांनी पळवला. मागची बटणाची झडप ही त्याची सगळ्यात शहाणी सोय.

माझ्या मते सगळ्यात हुशार शोध १९३३ चा आहे. नॉर्वेजियन लष्करातले कॅप्टन हेन्रिक ब्रून यांनी मासेमारीच्या जुन्या जाळ्यांचा बनियन शिवला. ऐकून हसू येतं, पण त्याच्या भोकांत स्थिर हवा साठते, घामाची वाफ त्यातून निसटते आणि वरचा ओला सदरा त्वचेला टेकत नाही. असे जाळीदार बनियन १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होते.

मग प्लॅस्टिकचा जमाना आला. पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा धागा पाणी जवळपास शोषतच नाही, म्हणून हेली हॅन्सन या कंपनीने आणि १९८० मध्ये पॅटागोनिया या कंपनीने त्याचे आतले कपडे बाजारात आणले. ते झटपट वाळत, पण फार गरम ड्रायरमध्ये वितळत आणि दोन दिवसांत असह्य वास मारत. १९८५ मध्ये पॅटागोनियाने पॉलिएस्टरचा पर्याय आणला. गिर्यारोहकाचा वास फार तर तंबूतल्या सोबत्याला छळेल. हरणाच्या नाकापुढे बसलेल्या शिकाऱ्याला तो परवडत नाही.

म्हणून १९९० च्या दशकाच्या मध्यावर न्यूझीलंडच्या आइसब्रेकर आणि अमेरिकेच्या स्मार्टवूलसारख्या कंपन्यांनी मेरिनो जातीच्या मेंढ्यांची लोकर पुढे आणली, तेव्हा ती शिकाऱ्यांना चांगलीच मानवली. आजीच्या स्वेटरची लोकर टोचते, कारण तिचा तंतू जाड असतो. मेरिनोचा साधारण १७ ते १९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक तंतू त्वचेवर वाकतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प पोटात घेऊनही ओली लागत नाही, वास कमी धरते आणि फांदीला घासली तरी कृत्रिम कापडासारखी खसखसत नाही. उणीव इतकीच की ती वाळायला वेळ लावते आणि पातळ विणीला लवकर भोकं पडतात, म्हणून हल्ली तीत नायलॉन मिसळतात.

दर चौरस मीटरला १५० ग्रॅमचं कापड चढणीसाठी, २५० ग्रॅमचं बसण्यासाठी, असा सर्वसाधारण हिशेब असतो. मुरलेले शिकारी मात्र पातळ सदऱ्यावर, थोडं कुडकुडतच चढण चढतात, आणि मचाणाखाली पोचल्यावर उघड्यावरच तो उतरवून पिशवीतला कोरडा, जाड सदरा घालतात.