पंपाची जमीन आणि ‘उडून गेलेलं’ पेट्रोल

‘पंप बंद होऊन वर्ष झालं की पेट्रोल उडून जातं, वर मुरूम टाकला की जमीन स्वच्छ,’ असं नाशकात प्लॉट बघताना हमखास ऐकू येतं. समज स्वाभाविक आहे. सांडलेलं पेट्रोल डोळ्यांदेखत उडतंच. पण गळती होते ती पुरलेल्या टाकीतून. तिथे हवा खेळत नाही, काळ्या मातीच्या कणांत ते अडकून राहतं, डिझेल तर त्याहून चिवट. खालच्या बेसॉल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, भेगांतून ते विहिरी-बोअरपर्यंतही जाऊ शकतं. त्यातलं बेंझीन कर्करोगकारक आहे. वास येत नाही, हा पुरावा नव्हे. टाकीच्या तळाखालची माती आणि जवळच्या बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. दोष निघालाच, तर माती उपसून किंवा जमिनीतली इंधनाची वाफ पंपाने खेचून सफाई होते. जिवाणूही मदत करतात, फक्त सावकाश.