ऑर्लँडो (कादंबरी)

‘ऑर्लँडो : अ बायोग्रफी’ ही व्हर्जिनिया वुल्फ (१८८२–१९४१) यांची इंग्रजी कादंबरी लंडनच्या होगार्थ प्रेसने ११ ऑक्टोबर १९२८ रोजी प्रसिद्ध केली. कथानकाचा शेवटही त्याच दिवशी, मध्यरात्रीच्या ठोक्यांवर होतो. आरंभी ऑर्लँडो हा पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातला सोळा वर्षांचा उमराव आहे. शेवटी तीनशेहून अधिक वर्षे लोटलेली असतात, तो स्त्री झालेला असतो आणि वय मात्र अवघे छत्तीस.

हे स्थित्यंतर कॉन्स्टँटिनोपलमध्ये घडते. दुसऱ्या चार्ल्सचा तेथील राजदूत असलेला ऑर्लँडो सात दिवस झोपतो, उठतो तो स्त्री होऊन. उंच आरशात स्वतःला नखशिखान्त न्याहाळून, जराही न गडबडता, ती बहुधा स्नानाला निघून जाते. देह बदलला तरी व्यक्ती तीच राहिली, एवढेच निवेदक सांगतो आणि त्या वळणावर काही क्षण ‘त्यांचे’ असे अनेकवचनी सर्वनाम वापरून मगच ‘ती’वर येतो. इंग्रजी क्रियापदाला लिंग नसल्याने ही सवलत मिळते. मराठीत ‘उठला’ की ‘उठली’ याचा निर्णय क्रियापदापाशीच करावा लागतो, त्यामुळे हा परिच्छेद मराठीत आणणाऱ्याची येथे खरी कसोटी लागेल.

बदलते ते भोवतालचे जग. मायदेशी परतताना जहाजावर तिचा घोटा काय दिसतो, डोलकाठीवरचा खलाशी पडता पडता वाचतो. इंग्लंडमध्ये तिच्यावर खटले उभे असतात : ती मृत आहे, म्हणून तिला मालमत्ता बाळगता येत नाही, ती स्त्री आहे, आणि याचाही अर्थ जवळपास तोच.

हा विनोद वाटतो तितका हलका नाही. ही कादंबरी ज्यांना अर्पण केली आहे आणि ज्यांच्यावरून ऑर्लँडो बेतला आहे, त्या लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आपल्या वडिलांचे एकुलते अपत्य होत्या. तरीही जानेवारी १९२८ मध्ये वडील वारल्यावर केंटमधील नोल हा पिढीजात वाडा, केवळ त्या स्त्री असल्यामुळे, काकांकडे गेला. कादंबरीतला वाडा नोलच आहे, आणि तिथे तो शेवटी ऑर्लँडोच्याच हाती राहतो. ग्रंथात व्हिटा यांची छायाचित्रे ‘ऑर्लँडो’ म्हणून छापली आहेत. नामवंत पुरुषांच्या गंभीर चरित्रांची ही थट्टा इतकी बेमालूम उतरली की काही पुस्तकविक्रेत्यांनी ती चरित्रांच्याच फळीवर लावली.

त्याच वर्षी रॅडक्लिफ हॉल यांची स्त्रियांच्या परस्परप्रेमावरील ‘द वेल ऑफ लोनलिनेस’ ही कादंबरी लंडनच्या न्यायालयाने अश्लील ठरवली. ‘ऑर्लँडो’वर तशी वेळ आली नाही, अद्भुताचा झगा तिच्या कामी आला असावा.

कादंबरीचे हस्तलिखित वुल्फ यांनी व्हिटा यांना भेट दिले. ते आज नोलमध्ये आहे.