‘किती?’चं रिग्रेशन आणि ‘हो की नाही?’चं रिग्रेशन

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की माझ्याकडे एकच मागणी येते, “सर, तेवढं रिग्रेशन करून द्या.” कोणतं, असं विचारलं की समोरचा गप्प. रिग्रेशन म्हणजे एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज बांधायची संख्याशास्त्रातली रीत. मराठी पुस्तकांत त्याला कुठे समाश्रयण म्हणतात, कुठे प्रतिगमन. पण शब्द कोणताही घेतला तरी लिनिअर की लॉजिस्टिक, हा प्रश्न उरतोच.

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी विडी कामगार बायकांचा सर्व्हे घेऊन आली. सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत घरोघरी फिरून, निम्म्या मुलाखती तेलुगूत घेऊन फॉर्म भरलेले. काम अस्सल. तिचे मुख्य प्रश्न दोन: दिवसाला किती विड्या वळता? आणि मुलगी दहावीनंतर शिकतेय का?

पहिल्याचं उत्तर आकडा आहे, 700, 850, काहीही. तिथे लिनिअर चालतं. आलेखावर प्रत्येक बाईचा एक ठिपका: आडवा अनुभव, उभ्या विड्या. त्या ठिपक्यांमधून एक सरळ रेघ अशी काढायची की प्रत्येक ठिपक्याच्या चुकीचा, म्हणजे रेघेपासूनच्या उभ्या अंतराचा, वर्ग करून केलेली बेरीज कमीत कमी भरेल. ही युक्ती फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांनी 1805 मध्ये छापली. उत्तरही थेट वाचता येतं: अनुभवाचं एक वर्ष वाढलं की सरासरी इतक्या विड्या वाढतात. यात फार अडायला होत नाही.

दुसऱ्याचं उत्तर हो किंवा नाही. तिने हो म्हणजे 1, नाही म्हणजे 0 असं टाकलं आणि तीच सरळ रेघ ओढली. सॉफ्टवेअर कधी तक्रार करत नाही. पण एका घरासाठी अंदाज आला 1.14. “म्हणजे अशा शंभर मुलींतल्या एकशे चौदा कॉलेजला जाणार का गं?” ती हसली. सरळ रेघेला 0 आणि 1 च्या भिंती कळत नाहीत. (अर्थतज्ज्ञ कधी कधी जाणूनबुजून हेच करतात, पण ते कारण देऊन करतात.) लॉजिस्टिकमध्ये रेघ इंग्रजी एससारखी वळते आणि दोन्ही टोकांना भिंतीच्या आतच राहते. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांचा हो-नाहीच्या रिग्रेशनवरचा गाजलेला लेख 1958 चा.

खरा घोळ पुढे, निकाल वाचताना. लॉजिस्टिकचे आकडे शक्यतेबद्दल बोलत नाहीत, ऑड्सबद्दल बोलतात. ऑड्स म्हणजे होकारांना नकारांनी भागायचं. समजण्यापुरतं उदाहरण घेऊ. आई शाळेत गेलेली अशा 100 घरांत 80 मुली शिकतायत: ऑड्स 80 भागिले 20, म्हणजे 4. आई न शिकलेली अशा 100 घरांत 50: ऑड्स 1. दोन ऑड्सचं गुणोत्तर 4. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरच्या तक्त्यात शेवटच्या रकान्यात हाच 4 दिसतो आणि प्रबंधात वाक्य येतं, “शिकण्याची शक्यता चौपट.” चौपट कुठे? 80 टक्के विरुद्ध 50 टक्के, म्हणजे 1.6 पट. ऑड्स चौपट आहेत, शक्यता नव्हे. घटना विरळ असेल तर मात्र दोन्ही आकडे जवळ येतात. 4 टक्के आणि 2 टक्के घेतले तर शक्यता दुप्पट आणि ऑड्स 2.04 पट. तिथे चूक खपून जाते, म्हणून सवय लागते.

त्याच तक्त्यातला ‘बी’चा रकाना तर आणखी फसवा. वरच्या उदाहरणात तिथे 1.386 येईल. तो 4 चा नैसर्गिक लॉग. त्याला “1.386 ने वाढ” म्हणणारे प्रबंध मी पाहिलेत, पासही झालेत.

हे सगळं समजल्यावर ती दोन दिवसांनी उत्साहाने परत आली. आता विड्यांनाही लॉजिस्टिक लावलं होतं: हजारापेक्षा जास्त वळते का, हो की नाही. मजुरी हजारी मोजतात, म्हणून हजाराची सीमा तिला आपोआप सुचली. पण त्या सीमेमुळे 990 वळणारी आणि 1,010 वळणारी वेगळ्या गटांत गेल्या, आणि 1,010 वाली 1,300 वालीच्या बरोबरीला बसली. आकडे मूळ फॉर्मवर होते, ते परत भरायला लावले.