हवाई अंतर आणि उड्डाणवेळ (नवी मुंबई विमानतळाच्या संदर्भात)

दोन विमानतळांना जोडणारी, पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरची सर्वांत आखूड वाट म्हणजे त्यांच्यातील हवाई अंतर. ही वाट बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राभोवती पृष्ठभागावर काढलेल्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा, तुकडा असते. भिंतीवरच्या सपाट नकाशात ती वाकडी दिसते. मुंबई-न्यूयॉर्कची वाट तर थेट स्कँडिनेव्हियावरून जाते. विमानचालनात हे अंतर सागरी मैलांत मोजतात (१ सागरी मैल = १.८५२ किमी).

उलवे-पनवेल परिसरातील लोकनेते दि. बा. पाटील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. तेथून दिल्ली सुमारे १,१४० किमी आणि गोव्यातील मोपा सुमारे ३७० किमी. ताशी ८३० किमी वेगाने मोपा अर्ध्या तासाच्या आत यायला हवे. तिकिटावर मात्र तासाहून अधिक वेळ असतो, दिल्लीसाठी सव्वादोन तासांच्या आसपास.

याचे कारण तिकिटावरचा वेळ निव्वळ हवेतला नसतो. चाकांखालचे ठोकळे काढून विमान जागचे हलते तेथपासून ते मुक्कामी पोहोचून पुन्हा ठोकळे लागेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. विमान मागे ढकलणे, धावपट्टीपर्यंत रांगेने जाणे, चढणे, उतरणे, क्वचित आकाशात घिरट्या घालत थांबणे, हे सारे त्यातच आले. त्यातून सुमारे ३,००० मीटरांच्या खाली साधारणपणे ताशी २५० सागरी मैलांची वेगमर्यादा असते. जवळच्या प्रवासात विमानाला पूर्ण वेगाने उडायला जेमतेम काही मिनिटे मिळतात. म्हणून अंतर तिप्पट झाले तरी वेळ तिप्पट होत नाही. विमान कंपन्या वेळापत्रकात थोडी सूटही धरून ठेवतात. ‘वेळेआधी पोहोचलो’ या घोषणेचे श्रेय पुष्कळदा त्या सुटीला द्यावे लागते.

वाऱ्याचा परिणाम लांबच्या प्रवासात जाणवतो. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंचावर जोरदार पश्चिमी वारे वाहतात. त्यामुळे मुंबईहून कोलकात्याला जाताना येण्यापेक्षा कमी वेळ लागतो. हवाई हद्दींचे निर्बंधही वाट लांबवतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हद्द बंद केल्यावर दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागला.

आंतरराष्ट्रीय तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या असतात. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. सकाळी ९ वाजता सुटून सव्वातीन तास उडालेले विमान तेथे पावणेअकराला उतरते. नुसती वजाबाकी केली, तर जाण्याचा प्रवास फसवा छोटा आणि येण्याचा फसवा मोठा दिसतो.

सांताक्रूझ-अंधेरीचा जुना विमानतळ आणि नवी मुंबईचा विमानतळ यांच्यात सरळ रेषेत सुमारे २४ किमी अंतर आहे, रस्त्याने सुमारे ३५ किमी. दोहोंची विमाने जवळपास एकाच आकाशात चढत-उतरत असल्याने त्यांचे नियंत्रण एकमेकांशी जुळवूनच करावे लागते. प्रवाशाने मात्र तिकिटावर विमानतळ कोणता आहे हे आधी पाहावे. घोडबंदर रोडवरून गर्दीच्या वेळी निघालेल्या ठाणेकराला उलव्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ मोप्याच्या उड्डाणवेळेलाही मागे टाकू शकतो. उरण लोकल मार्गावरील तरघर हे या विमानतळाला जवळचे स्थानक आहे, तर दक्षिण मुंबईकरांसाठी जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला २१.८ किमी लांबीचा अटल सेतू आहे. दोन्ही विमानतळांना जोडणारी मेट्रो ८ ही मार्गिका नियोजित आहे.