गळण्याआधी रिकामं होणारं पान

पिवळं पडून गळालेलं पान बरंचसं रिकामं असतं. गळण्याआधी झाड त्यातलं साधारण निम्मं नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) फांद्या-खोडात ओढून घेतं. पालाश (पोटॅशियम) पानात पक्कं बांधलेलं नसतं, ते पावसाने धुऊन खाली उतरतं. कॅल्शियम मात्र पेशीभित्तीत अडकलेलं, ते पान कुजल्याशिवाय सुटत नाही.

पण पान कुजायला लागलं म्हणजे लगेच खत मिळालं, असं होत नाही. पाचोळ्यात नत्राच्या एका भागामागे कर्बाचे (कार्बनचे) बहुधा 40 ते 80 भाग असतात; जिवाणूंच्या शरीरात 10 च्या आतबाहेर. तो पाचोळा खाताना जिवाणूंना नत्र कमी पडतं आणि ते मातीतलं उचलतात. कर्ब जळत जळत 25-30 भागांपर्यंत उतरला की नत्र अमोनियमच्या रूपात मोकळं होऊ लागतं. लाकडात हा आकडा शेकड्यांत असतो. ताजा भुसा मातीत मिसळला की पीक पिवळं पडतं ते यामुळेच.

मोकळं झालेलं नत्र बारीक मुळं आणि त्यांच्याशी जोडलेली बुरशी टिपून घेतात. ही साखळी तुटली तर काय होतं? अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक जंगलात 1965 च्या अखेरीस एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली. लाकूड तिथेच पडू दिलं, पण तणनाशक मारून तीन वर्षं काही उगवू दिलं नाही. ओढ्यातलं नायट्रेट, म्हणजे नत्राचंच पाण्यात विरघळणारं रूप, 40 पटींहून वाढलं, पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडून गेलं. बाहेर नेलं काहीच नव्हतं. कुजणं चालू होतं, घेणारं कोणी उरलं नव्हतं, इतकंच. शिवाय अमोनियमचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. ते चिकणमातीच्या कणांवरचं कॅल्शियम ढकलून बाहेर काढतं आणि मातीला न चिकटणारं नायट्रेट त्याला सोबत घेऊन वाहून जातं. ही तूट खडक झिजून भरायची, म्हणजे फार सावकाश.

म्हणून तोड करायचीच असेल तर फक्त खोडं न्यावीत. पानं आणि डहाळ्या वजनाला थोड्या, पण पोषणाचा मोठा वाटा त्यांच्यात असतो. सालीत कॅल्शियम भरपूर, तीही जागेवरच सोलावी. आणि उघड्या जमिनीवर पहिल्याच पावसात माजणारं झुडूप-तण काढायची घाई करू नये. सुटलेलं नायट्रेट तेव्हा तेच अडवतं. हबर्ड ब्रूकला तणनाशकाने नेमकं तेच मारलं होतं.