दगडी, ट्यूब आणि कोरफडीचा लेप

कोरफडीच्या पातीत हळद आणि चुना घालून वाटले की पिवळा लगदा बघता बघता लाल होतो. हळदीचे कुंकू करणाऱ्या पिढीला यात नवल वाटणार नाही. हाच लाल लेप आता कोकणातल्या गोठ्यांत दगडीवर, म्हणजे गाईच्या कासदाहावर, लावला जातो. लोक त्याला सरसकट ‘आजीच्या बटव्यातले औषध’ म्हणतात. मला ते अर्धेच पटते.

आमच्या आजीच्या बटव्यात हा लेप नव्हता. तिची गाय लहान चणीची, आज ज्या जातीला ‘कोकण कपिला’ म्हणतात त्यातली. कातळावर चरायची, जेमतेम दोन लिटर दूध द्यायची, उरलेले वासरू लुचायचे. सड फुटले तर मुठेल, म्हणजे कोकमाचे तेल, चोळायचे की झाले. पुढे 1970 साली सुरू झालेल्या दूधमहापुराच्या काळात जर्सी आणि होल्स्टिनचा संकर गावोगाव पसरला. दूध वाढले, तशी कासही जड झाली. धार काढल्यावर सडाचे तोंड साधारण अर्धा तास उघडेच असते. तेवढ्यात गाय श्रावणातल्या ओल्या शेणात बसली की जंतूंना वाट मोकळी.

यावर पेनिसिलिनचा तोडगा आधीच निघाला होता. फ्लेमिंगला ते 1928 मध्ये सापडले आणि 1940 च्या दशकात परदेशी गोठ्यांत थेट सडातून सोडू लागले. दगडीचा एक जंतू, स्ट्रेप्टोकॉकस, त्यापुढे नमला. स्टॅफिलोकॉकस ऑरियस मात्र चिवट: तो पेशींच्या आत दडतो, काही वाण तर पेनिसिलिनच मोडून टाकतात. आपल्याकडे सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडल्यावर किती दिवस दूध टाकून द्यायचे ते वेष्टनावर छापलेले असते, पण रतीब चुकवायचा कसा? मग औषध उतरलेले दूध घरोघरी जाते, एखाद्या घरी दही लागत नाही आणि बिचाऱ्या विरजणाला दोष मिळतो.

भारताने जनावरांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकावर 2019 मध्ये बंदी घातली. युरोपीय संघाने 2022 पासून रोग नसताना सरसकट प्रतिजैविके देणे थांबवले. पर्यायाची निकड अशी वाढत गेली.

आपला लेप आला तो तमिळनाडूतून. तिथले पशुवैद्यक डॉ. एन. पुण्णियमूर्ती यांनी पशुपालकांचे पारंपरिक उपचार गोळा करून त्यांना मोजमाप दिले, आणि आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने ते दूध संघांमार्फत पसरवले. कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम. कास धुऊन, पूर्ण पिळून, पाण्यात पातळ केलेला लेप दिवसातून दहा वेळा, निदान पाच दिवस. म्हणजे परंपरा खरी, पण आपल्यापर्यंत आली ती तराजूवर तोलून, सरकारी वाटेने.

गुण येतो का? सौम्य दगडी कधी कधी आपोआपही उतरते, त्यामुळे ‘माझी गाय बरी झाली’ एवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही. कास घट्ट होऊ लागताच, दुधात पहिल्या गाठी दिसताच लावला तर लेप उपयोगी पडावा. गाय तापाने फणफणली, चारा सोडला, धारेला पिवळे पाणी आले, तर डॉक्टरच हवेत.

आमच्या शेजारच्या काकूंनी गेल्या पावसाळ्यात पाचही दिवस दहा वेळांचा नेम पाळला. शेवटचा हात रात्री अकराला, बॅटरीच्या उजेडात. सकाळी त्या काळ्या वाटीत पहिल्या दोन धारा काढून बघत. चौथ्या दिवशी वाटीत गाठ नव्हती, पण त्यांनी पाचव्या दिवशीही कोरफड कापलीच.