घडातला एकच मणी

जानेवारीत पहाटे निफाडकडच्या द्राक्षबागेत गेलं की घडांवर दव असतं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो झकास दिसतो. घरी येऊन मोठा करून पाहावा, तर पुढचा एकच मणी रेखीव आणि बाकीचा घड दुधात बुडवून काढल्यासारखा! पहिला संशय लेन्सवर येतो. बहुतेक वेळा तिचा दोष नसतो.

काटेकोरपणे पाहिलं तर लेन्स एका वेळी एकाच अंतरावरचं प्रतल स्पष्ट दाखवते. त्या प्रतलावरच्या बिंदूचा प्रकाश लेन्सच्या उघड्या तोंडातून आत येतो आणि शंकूसारखा निमुळता होत नेमका सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पृष्ठभागावर, एकवटतो. मागच्या वस्तूचा शंकू सेन्सरच्या अलीकडेच मिटतो, पुढच्या वस्तूचा पलीकडे. सेन्सरवर मग बिंदूऐवजी ठिपका उमटतो. ठिपका पुरेसा लहान असला की डोळा त्याला बिंदूच समजतो. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरसाठी ही मर्यादा साधारण ०.०३ मिलिमीटर धरतात. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली, म्हणतात ती एवढीच, डोळ्याने दिलेली सवलत.

ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, लहान केलं की शंकू सडपातळ होतो आणि सवलत वाढते. एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान: ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या (फोकल लेंथच्या) लेन्सचं छिद्र एफ/२.८ ला सुमारे १८ मिलिमीटर असतं, एफ/१६ ला जेमतेम ३. घड अर्ध्या मीटरवर असेल तर एफ/२.८ ला पुढून मागे मिळून दीड सेंटीमीटरच स्पष्ट येतं, म्हणजे एक मणी. एफ/८ ला चार सेंटीमीटरच्या वर, एफ/१६ ला साडेआठ.

पण अंतराचा प्रभाव याहून जबर आहे, आणि नवशिक्यांना तोच कोणी सांगत नाही. तोच एफ/२.८ ठेवून एक मीटरवर मागे सरकलात तर दीडचे सहा सेंटीमीटर होतात: अंतर दुप्पट, खोली चौपट. २४ मिलिमीटरची लेन्स एफ/८ ला २.४ मीटरवर फोकस करा, १.२ मीटरवरच्या वेलीपासून क्षितिजावरच्या डोंगरापर्यंत सगळं त्या सवलतीत बसतं. डोंगरावर फोकस केलात तर जवळचा वेल हातचा जातो.

मग एफ/२२ का नको? छिद्र फार लहान झालं की प्रकाशलहरी त्याच्या कडांवरून पसरतात. हिरव्या प्रकाशाचा बिंदू एफ/८ ला सुमारे ०.०११ मिलिमीटरची चकती बनतो, एफ/२२ ला जवळजवळ ०.०३. म्हणजे अचूक फोकस केलेला मणीसुद्धा आता सवलतीच्या काठावर. शिवाय एफ/२.८ वरून एफ/१६ वर जाताना प्रकाश ३२ पटींनी घटतो. शटर उघडं राहण्याचा वेळ १/२५० सेकंदावरून १/८ वर येतो, आणि पहाटेच्या वाऱ्यात घड काही तेवढा वेळ स्थिर राहत नाही.

म्हणून मी एफ/८ च्या आसपास थांबतो आणि कॅमेरा वळवतो. घडाचा दर्शनी भाग सेन्सरला समांतर आला की बरेचसे मणी त्या एकाच प्रतलात येतात. त्यासाठी बागेत कधी गुडघ्यावर बसावं लागतं, कधी तारेखाली वाकून पलीकडच्या ओळीत जावं लागतं.